मशीन उघडल्यावर दिसणारं गाव

दिवाळीचे कंदील उतरवून आठवडा झाला, की कामोठ्यात कधीतरी एका सकाळी वारा फिरतो. बाकीच्यांना ते कळत नाही. गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत कडक होतो, ओठ फुटतात, क्लासला येणाऱ्या मुली दप्तरातून क्रीमची डबी काढतात, एवढंच. पण मिठागरवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला उत्तरेचा वारा आधी पाठीला कळतो. माझे वडील मनगटाची मागची बाजू जिभेने ओली करून वाऱ्यात धरायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "आला." त्या एका शब्दावर आमच्या घरातली फावडी, घमेली, लाकडी दाताळी अंगणात यायची. पावसाने खचलेले बांध बांधायला सुरुवात व्हायची.

या वर्षीही वारा आला. मी भांडी घासत होते. खिडकीतून थंड कोरडी झुळूक ओल्या हातांवर आली आणि मी नळ बंद करून उभी राहिले. म्हणावंसं वाटलं, पण म्हणायला घरात कोणी नव्हतं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या काठाला होतं. मागे टेकडी, पुढे मिठागरं, मधे शंभरेक घरं. आता तिथे विमानतळ आहे. गाव उठलं तेव्हा माणसं जिथे जागा मिळाली तिथे पांगली. आम्ही कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर आलो. आई या घरात एकच पावसाळा राहिली. बाबा आठ वर्षं राहिले, पण मला आठवतो तो त्यांचा शेवटचा हंगाम. गेल्याच्या आधीच्या दिवाळीपासून गेल्या वैशाखापर्यंतचा. मिठाचाच हंगाम तो, फक्त त्यात मीठ नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, मग थोडी सुधारली. बोलणं जरा जड झालं. उजवा हात शाबूत होता, पण तोही ते वापरेनासे झाले. दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मला म्हणाली, "त्यांना आवडेल असं काहीतरी हाताला द्या. नुसता बॉल दाबायला सांगितला की सगळेच कंटाळतात."

बाबांना काय आवडतं ते मला ठाऊक होतं, आणि ते देता येणार नाही हेही ठाऊक होतं. मी कामोठ्यात कॉम्प्युटरचा क्लास घेते. सकाळी दहा ते एक, दुपारी चार ते आठ. त्या वेळात खालच्या मजल्यावरच्या शेवंताकाकू वर येऊन बसायच्या. त्याही आमच्याच गावच्या. माझा धाकटा भाऊ दिनेश कोचीनला जहाजांच्या कामावर असतो. तिकडे चौघांत एक खोली, म्हणून त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला. त्याला लहानपणापासून विमानांचं वेड. उडवायला काही मिळालं नाही, म्हणून त्याने विमान चालवायचा तो खेळ घेतला होता, टेबलाला चिकटवायचा दांडा घेतला होता. दांडा डावीकडे कलवला की विमान डावीकडे, मागे ओढला की वर. दिनेश फोनवर म्हणाला, "ताई, बाबांना दे तो. मनगटाला चांगला व्यायाम होईल."

म्हणून एका दुपारी मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि खेळ सुरू केला.

पडद्यावर कुठल्यातरी उत्तरेकडच्या देशातली धावपट्टी आली. दोन्हीकडे बर्फ, मागे बर्फाचे डोंगर. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"मीठ हाय का ह्या?"

"नाही बाबा, बर्फ आहे."

"बरफ." त्यांनी मान हलवली. "मंग कामाचा नाय."

गणपतीनंतर ते पहिल्यांदाच असं काही बोलले होते. मी हसले तसे तेही अर्ध्या ओठांनी हसले. मी विमान उडवून दिलं आणि दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फावड्याच्या दांड्यासारखा घट्ट धरला. विमान कलंडलं, सावरलं, पुन्हा कलंडलं. पण अर्धा तास ते बसले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "चल, लाव."

अडचण एवढीच होती की खेळ प्रत्येक वेळी त्याच बर्फात उघडायचा. चौथ्या दिवशी बाबांनी विचारलं, "ह्या मशीन रोज थयंच का नेता?"

मी सांगितलं, की ते तसं ठरवून दिलेलं असतं. खेळ सुरू झाला की पहिलं कुठे न्यायचं, ते त्याच्यात आधीच भरलेलं असतं.

"बदलता येत नाय?"

"येतं."

"तं आपल्या गावाला लाव."

त्यांनी हे इतकं सहज म्हटलं, की गाव नाही हे सांगायला मला तोंडच उघडता येईना.

दिनेशला फोन केला. तो म्हणाला, "होईल. मी आपल्या भागाचे उपग्रहाचे जुने फोटो त्यात घातलेत. टेकडी फोडायच्या आधीचे. गाव आहे त्यात." मग म्हणाला, "मी पण जायचो अधूनमधून."

पण त्या खेळाला फक्त विमानतळांची नावं कळतात. आमच्या गावाचं नाव घातलं तर काहीच येईना. शेवटी दिनेशने युक्ती सांगितली. जुहूच्या धावपट्टीवरून उडायचं, गावापर्यंत जायचं, तिथे हवेतच विमान थांबवायचं, तो क्षण साठवायचा आणि खालच्या चौकोनात खूण करायची की यापुढे सुरुवात इथूनच.

रविवारी दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लांबवर विमान चालवलं. फोन कानाला, बाबा शेजारच्या खुर्चीत. दिनेश सांगत होता, "खाडी ओलांड. वाशीचा पूल दिसला? त्याच्या उजवीकडून दक्षिणेला ये. आता पाण्याचा एक फाटा आत वळतो बघ, तो पकड." मी दोनदा चुकले, एकदा पार उरणच्या बाजूला गेले. तिसऱ्यांदा पाणी अरुंद होत गेलं, टेकडीची काळी पाठ दिसली आणि बाबा एकदम पुढे वाकले.

"थांब! थांब बाय, थांब!"

मी बटण दाबलं. विमान हवेत थांबलं.

खाली मिठागरं होती. शेकडो चौकोन, काही पांढरे, काही मातकट, काही हिरवट. त्यांच्यापलीकडे घरांची लालसर टिंबं. बाबांनी उजव्या हाताचं बोट काचेला लावलं. "ह्यो तांबड्या बांध. ह्या उघाडी, हितून उधानाचा पानी घ्याचो. आनि ह्यो..." बोट एका टिंबावर टेकलं आणि तिथेच राहिलं. ते आमचं घर, हे मला सांगावं लागलं नाही. कौलांच्या त्या टिंबाशेजारी एक पांढरट डाग होता. बाबा म्हणाले, "तुजे आयनं सुकट वालत टाकलीय."

मी खूण केली. यापुढे सुरुवात इथूनच.

मीठ कसं पिकतं हे आता सांगायला बसलं की मलाच गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं. उधाणाला खाडीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या वाफ्यात साठवायचं. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत न्यायचं. उन्हाने ते रोज थोडं जड होतं. शेवटच्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून पाटीसारखी केलेली असते. बाबा आणि आई हातात हात धरून ती तुडवायचे, पाय घसरू नये म्हणून. माझ्या आईवडिलांनी एकमेकांचा हात धरलेला मी तेवढाच पाहिला. मार्चमध्ये मीठ धरायला लागलं की दुपारी डोळे उघडे ठेवता यायचे नाहीत. माझ्या परीक्षेचे तेच दिवस. भाकरी आणि सुकट घेऊन मी आगरावर, म्हणजे मिठागरात, जायची आणि मिठाच्या राशीच्या सावलीत पुस्तक उघडून बसायची. पानं उजेडाने इतकी पांढरी व्हायची की अक्षरं हिरवी दिसायची. बाबा लांबून ओरडायचे, "वाच, वाच! नायतर हितंच येशील!" मी वाचलं, म्हणून मी तिथे गेले नाही. तेव्हा वाटायचं की न जाणं ही माझी निवड असणार आहे.

डिसेंबर चांगला गेला. बाबा सकाळी दाढी करून घ्यायचे, स्वच्छ सदरा घालायचे आणि मशीनसमोर बसायचे. पडदा उजळला की विमान आधीच हवेत, गावावर, सकाळचे नऊ वाजलेले. दांडा लगेच हातात घ्यावा लागायचा. तो ते घ्यायचे. टेकडीला वळसा, खाडीवरून परत, मिठागरांवर एक फेरी. त्यांचं मनगट सुधारलं. डाव्या हाताची बोटंही टेबलाची कड धरू लागली. व्यायामवाली मुलगी खूश झाली. शेवंताकाकू शेजारी बसून शेंगा सोलायच्या आणि विचारायच्या, "आमचा घर दाखव ना रं दादा." बाबा दाखवायचे. दोघं मिळून कुणाच्या दारात चिंच होती नि कुणाच्या दारात उंबर, यावर भांडायचे. मी क्लासवरून आले की जिन्यातच ते भांडण ऐकू यायचं. ते महिने आठवले की आधी मला तो जिना आठवतो, मसाल्याचा वास येणारा, आणि वरून येणारे ते दोन म्हातारे आवाज.

संक्रांतीच्या सुमाराला बाबांना खाली उतरायचं होतं.

आधी त्यांनी मला सांगितलं. "बाय, खाली ने." मी म्हटलं, तिथे धावपट्टी नाही, उतरता येत नाही. त्यांनी ऐकलं नाही. मिठागर सपाट असतं, त्यांनी ते स्वतः तुडवून सपाट केलेलं, तिथे विमान का उतरू नये? ते स्वतःच प्रयत्न करू लागले. पण तो उपग्रहाचा फोटो होता, लांबूनच गाव होतं. जसं खाली यावं तसं ते विरघळायचं. घरांचे लाल चौकोन व्हायचे, चौकोनांचे डाग, बांधांच्या राखाडी रेषा. मग विमान जमिनीला टेकायचं, पडदा काळा व्हायचा आणि क्षणात सगळं पुन्हा सुरू. सकाळचे नऊ, विमान हवेत, गाव खाली, होतं तसं. मीच तशी खूण केली होती.

दिवसातून पंचवीस-तीस वेळा ते पडायचे आणि पुन्हा वर फेकले जायचे. फिरायला खाली जाणं बंद झालं. जेवणाचं ताट तिथेच आणायला लावायचे आणि ते तसंच राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा झटक्यानंतर कधीकधी माणसाची वेळकाळाची जाण सुटते. मला ते ठाऊक होतं. तरी दुसऱ्याच्या घरातलं ऐकणं वेगळं आणि सकाळी चहा देताना, "तुजी आय कवाची आगरावर गेलीय," हे ऐकणं वेगळं.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी मी एक वाजता घरी आले. शेवंताकाकूंना त्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं, त्या अकरालाच गेल्या होत्या. बाबा खुर्चीत होते. खुर्ची ओली झाली होती, फरशीवर ओघळ गेला होता. ते उठलेच नव्हते. अंगठा सुजून लाल झाला होता आणि दांडा तसाच हातात.

"बाबा, हे काय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ऊन चडलाय. ती एकलीच हाय खाली. हाका मारतंय मी, तिला ऐकू जात नाय."

मी सकाळपासून उपाशी होते. वर्गातल्या दोन मुलींनी त्या दिवशी क्लास सोडला होता. हे मी सांगते आहे ते कारण म्हणून नाही, तेव्हा काय होतं ते सांगायचं म्हणून. एरवी मी घरातही शिक्षिकेसारखी शुद्ध बोलते, बाबा त्यावरून मला चिडवायचे. त्या दुपारी माझ्या तोंडून गावचीच भाषा आली, आणि मोठ्याने आली.

"आय नाय बाबा! आय मेली! गाव पन नाय! काय नाय थयं, सगला गेला!"

त्यांनी दांडा सोडला. पडद्यावर विमान आपोआप कलत गेलं आणि पडलं आणि पुन्हा वर आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, बुबुळांभोवती निळसर कडा होती. मग त्यांनी आपल्या ओल्या लेंग्याकडे पाहिलं आणि ते खूप हळू म्हणाले, "चल, धू मना."

मी त्यांना आंघोळ घातली. पेज करून भरवली. ते झोपल्यावर दिनेशला फोन केला आणि रडले. तो म्हणाला, "ताई, काही दिवस बदलून टाक ना. आपोआप विसरतील." मी मशीन उघडलं. बर्फातली ती धावपट्टी शोधली. खालच्या चौकोनात खूण केली. यापुढे सुरुवात इथूनच. पाच मिनिटांचं काम. गाव शोधायला सगळी दुपार लागली होती.

संध्याकाळच्या वर्गाला मी गेले नाही. चार वाजता बाबा उठले, भिंत धरत आले आणि खुर्चीत बसले. पडदा उजळला. बर्फ. विमान धावपट्टीवर उभं, इंजिन सुरू, चाकांना ब्रेक. बाबांना जमिनीवरून विमान उडवता येत नव्हतं, त्यांचं विमान नेहमीच हवेत असायचं. त्यांनी दांडा उजवीकडे केला, डावीकडे केला. काही हललं नाही.

"वाट चुकलो वाटतंय बाय."

"मशीन बिघडलंय बाबा," मी म्हणाले. "दिनेश आला की दुरुस्त करेल."

"आसंल."

त्यानंतर आठवडाभर ते रोज चार वाजता येऊन बसले. मी वर्गाची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली होती. हलत नसलेल्या विमानाचा दांडा धरून ते बर्फाकडे बघत बसायचे. मी चहा आणायची. चहा संपला की म्हणायचे, "आज नाय उडत. उद्या बगू." आठ-नऊ दिवसांनी ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शेवंताकाकूंबरोबर खाली जाऊन बाकावर बसले. जेवले. रात्री नीट झोपले. मी कॉम्प्युटरवर आईची जुनी साडी घालून ठेवली, धूळ बसू नये म्हणून. आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. मला फार बरं वाटलं. गेले कित्येक महिने मी इतकी शांत झोपले नव्हते.

होळीच्या आसपास बाबांना दुसरा झटका आला. या वेळी ते पुन्हा उठले नाहीत. पनवेलच्या दवाखान्यात बारा दिवस काढले आणि घरी आणलं, तेव्हा ते अंथरुणात इतके थोडे उरले होते की चादर सपाट दिसायची. बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं. खिडकीबाहेर चैत्राचं ऊन पडलं होतं. आगरात आता मीठ पांढरंफेक झालं असेल, असं माझ्या मनात यायचं आणि मग आठवायचं की आगर नाही. मग माझ्याच लक्षात आलं, की मी बाबांवर ज्यासाठी ओरडले होते, तेच मी रोज करते आहे. फक्त मनातल्या मनात, म्हणून कोणी मला ओरडत नाही.

एका रविवारी मी ठरवलं की त्यांना गाव परत द्यायचं. साडी काढली, मशीन उघडलं आणि ध्यानात आलं की जुना क्षण उरलाच नव्हता. नवा साठवताना त्याच नावाने त्याच्यावरच साठवला गेला होता. मी रोज मुलींना शिकवते, की जुनं काम ठेवून नवं वेगळ्या नावाने ठेवावं. आणि मी हे केलं होतं.

दिनेशला फोन केला नाही. जुहूवरून एकटीच उडाले. खाडी ओलांडली, पूल उजव्या हाताला गेला की डाव्या, तेच आठवेना. दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा पाणी अरुंद झालं, टेकडी आली, तांबडा बांध दिसला आणि कौलांच्या टिंबाशेजारचा तो पांढरट डागही. मी विमान थांबवलं. खूण केली.

शेवंताकाकूंच्या मदतीने बाबांना उचलून खुर्चीत बसवलं, पाठीला उशी लावली. उजवा हात दांड्यावर ठेवला, तो तिथून घसरला. पडदा उजळला. गाव खाली, सकाळचे नऊ.

बाबांनी खूप वेळ पाहिलं. शेवंताकाकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, दिसतंय ना?"

"छान हाय," ते म्हणाले. कुणी पाहुण्याने आपल्या प्रवासाचे फोटो दाखवावे आणि आपण म्हणावं, तसं. मग थोड्या वेळाने, "तू कवा गेलतीस हितं?"

मग त्यांना आडवं व्हायचं होतं.

वैशाख संपता संपता ते गेले. पूर्वी त्या दिवसांत पावसाआधी मिठाच्या राशी माडाच्या झापांनी शाकारायची घाई असायची. सगळं गाव आगरावर असायचं. बाबांना न्यायला आमच्या गावची सतरा माणसं आली. बाकीच्यांना कळवायचं कुठे, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

दिनेश तेव्हा आठ दिवस राहून गेला. आम्ही कामाचंच बोललो. दाखले, कपडे, औषधं कुणाला द्यायची. ती दुपार, तो बर्फ, यातलं मी काहीच काढलं नाही, त्यानेही काढलं नाही.

त्यानंतर या जानेवारीत तो आला. इथल्या नव्या विमानतळावरून कोचीनला जायचं म्हणाला. मी सोडायला गेले. कामोठ्यातून रिक्षाने पाऊण तासही लागला नाही. रस्ता इतका रुंद आणि नवा की कुठून कुठे चाललोय तेच उमगत नव्हतं. मी टेकडी शोधत होते, जी नाही हे मला माहीत होतं. दिनेश दुसऱ्या बाजूने बघत होता. दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो की काय दिसतंय.

प्रस्थानाच्या दाराशी तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. आम्ही बाहेर, सामानाच्या गाड्यांजवळ उभे राहिलो. त्याला अजून वेळ होता. उत्तरेचा वारा त्या उघड्या जागेत फार लागत होता. मी शालीचं टोक धरून बोलायला लागले आणि थांबता येईना. सगळं सांगितलं. ओरडले ते. मशीन बिघडलंय म्हणून खोटं बोलले ते. बाबा आठवडाभर त्या बर्फासमोर बसून राहिले आणि मी समोर चहा ठेवत राहिले ते. "त्यांना वाटलं ते चुकले, दिन्या. माझ्यामुळे त्यांना वाटलं त्यांनाच वाट सापडत नाही."

दिनेशने पाठीवरची पिशवी खाली ठेवली.

"ताई, बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू बदललंस ते. मी रोज दुपारी त्यांच्या मोबाइलवर फोन करायचो ना, तू वर्गाला असायचीस तेव्हा. दोनतीन दिवसांनीच म्हणाले मला. बायनं मशीन दुसरीकडं लावलंय, मना कललंय, तू बोलू नको तिला."

मला आधी अर्थच लागेना. मी म्हणाले, "मग ते रोज का बसत होते तिथे?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, एकदम उटलो तं तिला वाटंल मना कलला."

समोरून एक कुटुंब सामान ढकलत गेलं. त्यातल्या बाईने वाट द्या म्हणून सांगितलं, आम्ही बाजूला झालो.

"मग शेवटच्या वेळी?" मी विचारलं. "मी पुन्हा लावलं तेव्हा? त्यांनी खरंच ओळखलं नाही, की तेही माझ्यासाठीच..."

"ते नाही माहीत ताई. तेव्हा फोनवर बोलू शकत नव्हते ते."

ते आता कुणालाच माहीत नाही. शेवंताकाकूंना विचारून झालं, त्या नुसतं माझ्या पाठीवरून हात फिरवतात.

दिनेशने पिशवी उचलली. रांग वाढत होती. मी त्याचा दंड धरला. "आणखी काय म्हणाले होते? त्या दिवशी. आठव."

त्याला सांगायचं नव्हतं, हे मला दिसलं.

"म्हणाले, ती येता, मना धुता, भरवता, परत जाता. पोरीला कोन च्या करून देनारा पन नाय."

मग तो आत गेला. काचेतून थोडा वेळ त्याची निळी पिशवी दिसत होती. पहारेकऱ्याने येऊन सांगितलं, "मॅडम, इथे उभं राहू नका," आणि मी बाजूला झाले.